प्रज्ञावान मुलांचा अभ्यासक्रम आणि पुस्तकं: आधी काय गाळायचं ते ठरवूया

खडूफळा

प्रज्ञावान मुलांसाठी शाळेत वेगळं काही करायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न हमखास हाच असतो: पुस्तक कोणतं लावायचं? मग टेबलावर चळत येते. कुणी पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणतं, कुणी स्पर्धापरीक्षेचं, कुणी प्रकाशकाने पाठवलेली नमुना प्रत. चर्चा होते ती पानांच्या संख्येवर आणि छपाईवर, आणि शेवटी जे सगळ्यात जाड आणि अवघड दिसतं ते मंजूर होतं.

मी गणित शिकवते आणि सध्या आमच्या शाळेच्या अभ्यासक्रम समितीत आहे. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा. नव्या पुस्तकाचं नाव काढण्याआधी, चालू पाठ्यपुस्तकातलं काय या मुलाकडून करून घ्यायचं नाही त्याची यादी कागदावर आली पाहिजे. ती यादी नसेल तर नवं पुस्तक म्हणजे निव्वळ जादा काम. वर्गाची सगळी उदाहरणं तर सोडवायचीच, वर "तू हुशार आहेस ना" म्हणून आणखी तेवढीच. मुलांना हे फार लवकर उमगतं. काम पटकन संपवलं की नवं काम गळ्यात पडतं, मग ती मुद्दाम रेंगाळायला लागतात आणि आपण वहीवर शेरा लिहितो, "एकाग्रता कमी".

गाळण्याची रीत काही नवीन नाही. जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस या प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासकांनी ती नीट बांधून दिली आहे. 1993 मध्ये रीस आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या शाळांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निवडलेल्या मुलांचा काही विषयांतला 40 ते 50 टक्के अभ्यासक्रम शिक्षकांनी गाळला, तरी चाचण्यांमधली त्यांची कामगिरी घसरली नाही. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ ही मुलं येत असलेलंच पुन्हा करत होती.

करायचं एवढंच, की घटक संपल्यावर जी चाचणी घेणार तीच घटक सुरू होण्याआधी घ्यायची, म्हणजे पूर्वचाचणी. ज्याला येतंय त्याचं ते काम माफ. थोडंसं अडलं असेल तर तेवढंच शिकवायचं. उंबरठा 85 टक्क्यांच्या आसपास ठेवावा असं मला वाटतं. शंभर टक्के मागितलेत तर एका हिशेबाच्या चुकीपायी मूल पुन्हा अख्खा धडा गिरवत बसतं. पूर्ण चाचणीला वेळ नसेल तर स्वाध्यायातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं आधी द्यावीत. ती नीट जमली तर बाकीची कशासाठी करायची?

मोकळ्या झालेल्या वेळात काय द्यायचं, तिथे पुस्तकाचा प्रश्न येतो. पुस्तक हाती आलं की मी सरळ एखाद्या धड्याच्या शेवटचा स्वाध्याय उघडते. वरचं सोडवलेलं उदाहरण बघून, फक्त आकडे बदलून जर पूर्ण स्वाध्याय सुटत असेल तर ते पुस्तक या मुलांच्या कामाचं नाही, मग मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. नंतर बघते की नियम सांगताना 'का' सांगितलंय का, एकाच प्रश्नाच्या दोन रीती शेजारी ठेवल्यात का, आणि ज्याचं उत्तर लगेच मिळणार नाही असा एखादा तरी प्रश्न पुस्तकाने मोकळा सोडलाय का. शेवटी उत्तरसूची. तिथे फक्त आकडे असतील तर अडलेलं मूल अडलेलंच राहतं. सूचक इशारे असतील तर पुढे सरकतं.

तुमच्या शाळांमध्ये हे कसं ठरतं? शिक्षक, पालक, दोघांनीही लिहावं. विषयाची अट नाही.

शाईदौत

चांगला धागा. गणितापुरतं पूर्ण पटलं. पण मी भाषा शिकवतो आणि तिथे पूर्वचाचणी इतकी सरळ चालत नाही. व्याकरण, शुद्धलेखन, शब्दसंग्रह यांची चालते आणि तिथे खरंच पुष्कळ गाळता येतं. ज्या मुलीच्या निबंधात एकही विभक्तीची चूक नसते तिला विभक्तीचा तक्ता पाठ करायला लावण्यात काय हशील? पण कवितेचं काय? "ही कविता तुला येते का" हा प्रश्नच होत नाही.

भाषेत मी गाळण्याऐवजी मजकूर बदलतो. संपूर्ण वर्गाचा विषय एकच असतो, समजा स्थलांतर. वर्ग पाठ्यपुस्तकातला धडा वाचतो, आणि चारपाच मुलं त्याच विषयावरचा मूळ, न कापलेला लेख वाचतात. पाठ्यपुस्तकातले उतारे संपादित असतात. लांब वाक्यं तोडलेली, अवघड शब्द बदललेले, लेखकाचा तिरकसपणा काढून टाकलेला. सर्वसाधारण वाचकाला त्याचा उपयोग होतो, पण या मुलांना लागतो नेमका तो काढून टाकलेला भाग. कधी मी दोन्ही मजकूर समोर ठेवतो आणि विचारतो, संपादकाने काय काढलं आणि त्याने अर्थ कुठे बदलला? या एका प्रश्नावर ती मुलं तास तास बसतात.

एक सावधगिरी मात्र सांगतो. वाचनाची पातळी आणि मनाची तयारी या निराळ्या गोष्टी आहेत. नऊ वर्षांचं मूल मोठ्यांची कादंबरी सहज वाचू शकतं, पण तिच्यातली हिंसा किंवा एकटेपणा त्याला पेलेलच असं नाही. अशा वयात वाक्यरचनेने अवघड पण आशयाने वयाला झेपणारी पुस्तकं शोधावी लागतात. प्रवासवर्णनं, शास्त्रज्ञांची चरित्रं, निसर्गावरचं लेखन, जुनी पत्रं यात ती सापडतात. त्यासाठी शिक्षकाने स्वतः वाचलेलं असावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही.

रानवाट

पालक म्हणून विचारते. एवढी पूर्वचाचणी, एवढी गाळणी करण्यापेक्षा मुलाला सरळ एक वर्ग पुढे का बसवत नाहीत? आमच्या मुलीला पुढच्या वर्षीचं गणित येतं. शाळेचं उत्तर ठरलेलं आहे, "मोठ्या मुलांत ती बावरेल." हे खरंच असं असतं का?

प्रमेय

रानवाट, "बावरेल" ही भीती जितक्या सर्रास बोलून दाखवली जाते तितका तिला आधार नाही. या प्रश्नावर बरीच वर्षं काम झालंय. ज्युलियन स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. पुढे कॅमिला बेनबो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी तो चालू ठेवला आणि त्या मुलांचा मागोवा पार प्रौढ वयापर्यंत घेतला. पुढच्या वर्गात गेलेली मुलं त्यांच्याच तोडीच्या पण न गेलेल्या मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. उलट विज्ञान-गणितात त्यांची मजल सहसा पुढेच गेलेली दिसते.

पण "एक वर्ग पुढे" ही वेगवर्धनाच्या, म्हणजे मुलाला त्याच्या गतीने पुढे नेण्याच्या, अनेक वाटांपैकी एक वाट आहे. आयोवा विद्यापीठातून 2004 मध्ये निघालेल्या अहवालात वेगवर्धनाचे 18 प्रकार दिलेत. फक्त एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसणं, दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात आटोपणं, शाळेत लवकर प्रवेश, असे कितीतरी. तुमच्या मुलीचं फक्त गणितच पुढे असेल तर फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात जाणं हा सगळ्यात सोपा मार्ग. यात अडचण बहुधा एकच असते, वेळापत्रक. दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी यायला हवा. शाळेला नेमकं तेवढंच मागा.

अख्खा वर्ग ओलांडायचा असेल तर आयोवाचंच एक मापनसाधन आहे. त्यात बुद्धिमत्तेबरोबर इतर गोष्टीही बघतात. मुलाचीच इच्छा नसेल किंवा सख्खं भावंड त्या वरच्या वर्गात असेल तर वर्ग ओलांडू नये असं ते स्पष्ट सांगतं. भावंडाचा मुद्दा मला फार शहाणपणाचा वाटतो. धाकट्याने मोठ्याला वर्गात गाठलं की घरात काय होतं ते समितीला दिसत नाही.

आणि पूर्वचाचणीबद्दल एक भर. इयत्तेच्या चाचणीत पूर्ण गुण मिळवणारी दोन मुलं सारखी नसतात. एक जेमतेम तिथवर पोचलेलं असतं, दुसऱ्याला चाचणीचं छत आडवं आलेलं असतं, म्हणजे त्याला याहून जास्त येतं पण चाचणी ते मोजत नाही. स्टॅन्ली यांनी म्हणूनच बारातेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा दिली. तिथे त्या मुलांमधला फरक उघडा पडला. पुस्तक कोणत्या पातळीचं हवं ते ठरवायचं तर दोन इयत्ता वरची चाचणी देऊन बघा.

ओंजळ

मला या पूर्ण चर्चेतलं एक गृहीतक खटकतंय. मूळ, न कापलेला लेख. 'का' विचारणारं पुस्तक. मोकळे सोडलेले प्रश्न. हे सगळं फक्त चारपाच मुलांना का? बाकीच्यांनी आकडे बदलत बसायचं? सगळ्या वर्गाला चांगलं पुस्तक द्या, मग वेगळ्या अभ्यासक्रमाची गरजच उरणार नाही. शिवाय निवड करताना कुणाची मुलं निवडली जातात हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या घरात पुस्तकं असतात त्यांचीच.

खडूफळा

ओंजळ, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. पहिल्या मुद्द्यावर हॅरी पासो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांची कसोटी मला कायम उपयोगी पडते. प्रज्ञावान मुलांसाठी म्हणून जे काही आखाल त्याबद्दल तीन प्रश्न विचारायचे. हे सगळ्या मुलांना करावंसं वाटेल का? सगळ्यांना जमेल का? सगळ्यांनी करायला हवं का? उत्तर 'हो' येत असेल तर ते सगळ्यांना द्या, त्याला खास अभ्यासक्रम म्हणू नका. सहली, प्रयोग, नाटक, पाहुण्यांची व्याख्यानं ही हुशार मुलांची बक्षिसं करून ठेवलेल्या शाळा मी पाहिल्यात. तो अन्यायच आहे. विचार करायला लावणारं पुस्तक सगळ्या वर्गाचा हक्क आहे, यात मी तुमच्या बाजूने आहे.

पण कसोटीनंतरही काहीतरी उरतं. पाचवीच्या सुमाराच्या अपूर्णांकांचंच घेऊ. वर्ग छेद समान करून बेरीज शिकतोय. पूर्वचाचणीत ज्यांना ते आलं त्यांना मी हे देते:

1/2 + 1/3 + 1/6 = 1. अंशस्थानी 1 असलेले आणखी कोणते तीन वेगवेगळे अपूर्णांक घेऊन बेरीज 1 येईल?

मुलं शोधतात, सापडत नाही, पुन्हा शोधतात. ही सगळी शोधाशोध म्हणजे छेद समान करण्याचाच सराव, वर्गाच्या सरावापेक्षा कितीतरी जास्त, फक्त कुणी सांगितलेला नाही. मग एखादं म्हणतं, "बाई, दुसरे नाहीतच." मी विचारते, "सापडले नाहीत की नाहीत?" इथून खरं काम सुरू होतं. 1/2 घेतलाच नाही तर जास्तीत जास्त 1/3 + 1/4 + 1/5, म्हणजे 47/60, एकपेक्षा कमी. म्हणजे 1/2 हवाच. उरलेल्या दोघांची बेरीज 1/2 यायला हवी. त्यात 1/3 नसेल तर जास्तीत जास्त 1/4 + 1/5, म्हणजे 9/20, तेही अपुरं. म्हणून 1/3 हवा, आणि मग 1/6 आपोआप येतो. दहा वर्षांच्या मुलाने 'नाही' हे सिद्ध केलेलं असतं.

सुरुवात सगळ्या वर्गाला देता येते आणि मी देतेही. पण शेवटच्या टप्प्यापर्यंत सगळ्यांना ओढत नेलं तर ज्यांची छेदाशीच अजून झटापट चाललीय त्यांचा आत्मविश्वास जातो. आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांना तिथे थांबवून ठेवणं मला पटत नाही. चार अपूर्णांक घेतले तर सहा वेगवेगळी उत्तरं निघतात. ज्यांना रस लागलाय ती मुलं तीही काढतात. पुढे विचारलं तर सांगते, की प्राचीन इजिप्तमधले लोक 2/3 सारखे मोजके सोडले तर अपूर्णांक असेच, अंश 1 असलेल्यांच्या बेरजेने, लिहायचे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ऱ्हिंड पपायरस या गणिताच्या हस्तलिखितात 2 अंश असलेल्या अपूर्णांकांचा असा तक्ताच आहे.

निवडीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. उपाय म्हणून मी कायमची यादी ठेवतच नाही. पूर्वचाचणी प्रत्येक घटकाला सगळ्या वर्गाची होते. भूमितीत पुढे निघालेली मुलं बीजगणितातही पुढे निघतीलच असं नाही. "प्रज्ञावान" हा शिक्का कपाळावर मारला की तो मिळालेल्यालाही जड होतो आणि न मिळालेल्यालाही.

पायवाट

वाचायला छान वाटतं. पण माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत, मी एकटा, तास 35 मिनिटांचा. दर घटकाला पूर्वचाचणी, तपासणी, वेगळं साहित्य, हे कुणी करायचं? कुणीतरी मनापासून उत्तर द्यावं.

अवलोकन

पायवाट, तुमची अडचण खरी आहे. मी निवृत्त शिक्षक, मोठ्या वर्गांवरच आयुष्य गेलं. काही गोष्टी निभतात. सगळे घटक एकदम करू नका. वर्षातून दोनच घटक निवडा, ज्यात मागच्या इयत्तेची पुनरावृत्ती सगळ्यात जास्त आहे असे. पाठ्यपुस्तकं साखळीने लिहिलेली असतात. दर इयत्तेत मागचं थोडं उजळायचं आणि पुढचं थोडं जोडायचं. पुनरावृत्तीचा तो भाग शोधायला पूर्वचाचणीही लागत नाही. दोन इयत्तांची पुस्तकं शेजारी ठेवून अनुक्रमणिका ताडून बघितली की पुरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी होणारं काम आहे. अवघड पाच उदाहरणं फळ्यावर लिहा, तपासणी मुलांनी आपसांत अदलाबदल करून करू द्या.

आणि वेगळं साहित्य तुम्ही एकट्याने तयार करू नका. त्याच विषयाच्या तिघाचौघा शिक्षकांनी एकेक घटक वाटून घ्यावा.

आता अभ्यासक्रमाबद्दल, कारण इथे सगळे पुस्तकाभोवतीच फिरतायत. लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या स्पेयर शाळेत सात ते नऊ वर्षांच्या प्रज्ञावान मुलांचे वर्ग सुरू केले. नेहमीचा सक्तीचा अभ्यासक्रम त्यांनी साधारण निम्म्या वेळात आटोपला. उरलेल्या निम्म्या वेळात वरच्या इयत्तेची पुस्तकं आणली नाहीत. त्यांनी विषय घेतला तो रोजच्या वस्तूंच्या उत्क्रांतीचा. कपडे, निवारा, वाहतूक, दिवाबत्ती, कालमापन, हत्यारं, कायदा, व्यापार. माणसाने वेळ मोजायला कधी आणि कशी सुरुवात केली, दिवा कसा बदलत गेला, हे मुलांनी ग्रंथालयात शोधायचं, चर्चा करायची आणि आपली टिपणं एकत्र बांधायची. सोबत थोरांची चरित्रं आणि फ्रेंच भाषा.

या निवडीमागे फार खोल विचार होता. सात वर्षांच्या मुलाची बुद्धी पुढे धावत असते, पण त्याचा अनुभव सात वर्षांचाच असतो. ज्या वस्तू त्याने हाताळल्यात त्यांच्यापासून सुरुवात केली की बुद्धीला मैदान मिळतं आणि पाय जमिनीवर राहतात. शिवाय पुढच्या वर्षीच्या शिक्षकाचा अभ्यासक्रम कुणी आधीच संपवून ठेवलेला नसतो. वरच्या इयत्तेचं पुस्तक दिलं की हा पेच हमखास येतो. यंदा आठवीचं संपवलं, मग आठवीत गेल्यावर करायचं काय?

झरोका

विशेष शिक्षिका आहे म्हणून एका गटाबद्दल आवर्जून लिहिते. काही मुलं प्रज्ञावान असतात आणि त्याच वेळी त्यांना वाचन-अक्षमता, लेखनाची अडचण किंवा अवधानाची अडचण असते. पूर्वचाचणी लेखी असेल तर ही मुलं चाळणीतून सरळ खाली पडतात. डोकं चालतं भरभर, हात चालत नाही. शिक्षकाला दिसते अर्धवट उत्तरपत्रिका.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. पानभर वाचायला त्याला पुष्कळ वेळ लागायचा, ओळी निसटायच्या. पण तोच मजकूर वाचून दाखवला की लेखकाच्या युक्तिवादातली कच्ची कडी तो बोट ठेवून दाखवायचा. त्याला सोप्या भाषेतली पुस्तकं दिली जात होती. सोपी भाषा म्हणजे सोपा आशयही, त्यामुळे तो कंटाळून बाकावर डोकं ठेवायचा. त्याला हवा होता अवघड आशय, ऐकता येईल अशा रूपात.

म्हणून पुस्तक निवडताना माझी विनंती: त्याची श्राव्य आवृत्ती आहे का, अक्षरांचा आकार आणि ओळींमधलं अंतर बरं आहे का, आकृत्या आशय सांगतात की नुसती जागा भरतात, आणि स्वाध्यायाचं उत्तर तोंडी किंवा आकृतीने देता येईल का, हे बघा. आणि उणिवेवर काम करण्यासाठी त्याच्या आवडीचा तास कापू नका. हे फार सर्रास होतं. गणितात रमलेल्या मुलाला गणिताच्याच तासाला शुद्धलेखनासाठी उठवून नेतात.

उंबरझाड

मी अशाच एका वर्गातून शिकून बाहेर पडलेली. एवढंच सांगते, मला सगळ्यात जास्त दिलं ते ज्या पुस्तकाने मला अडवलं त्याने. शाळेच्या अख्ख्या काळात मला काही अडलंच नव्हतं. त्यामुळे अडल्यावर काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. महाविद्यालयात पहिल्यांदा अडले तेव्हा वाटलं, आपली हुशारी संपली. तिथे कितीतरी जण विषयच सोडून देतात. मुलांना आठव्या-नवव्या वर्षीच अडू द्या, सोबत कुणी आहे तोवर.

प्रमेय

उंबरझाड, या "सोबत कुणी आहे तोवर"वरून रामानुजन आठवले. 1903 च्या सुमारास, पंधरासोळाव्या वर्षी त्यांच्या हाती कार नावाच्या शिक्षकाचा एक संग्रह पडला. त्यात हजारो सूत्रं आणि प्रमेयं ओळीने मांडलेली, सिद्धता नाहीत किंवा अगदी ओझरत्या. परीक्षेच्या तयारीसाठी केलेलं संकलन होतं ते. रामानुजन यांनी ती सूत्रं स्वतःच्या रीतीने पडताळत, त्यांच्या पलीकडे झेप घेतली. कोणत्याही समितीने हे पुस्तक "प्रज्ञावान मुलांसाठी" म्हणून निवडलं नसतं.

पण याची दुसरी बाजूही बघायला हवी. त्यांच्या वह्यांमध्ये निष्कर्ष आहेत आणि सिद्धता जवळजवळ नाहीत, त्या सवयीचं मूळही बऱ्याच अंशी त्याच पुस्तकात शोधतात. इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला 1913 मध्ये. मधली दहा वर्षं त्या तोलामोलाचं कुणी बोलायलाच नव्हतं. तेव्हा पुस्तक मुलाच्या विचाराला वळण लावतं, चांगलंही आणि अपुरंही, आणि ते वळण बघणारं माणूस जवळ लागतं. खडूफळा, तुमच्या समितीत पुस्तक ठरवताना "हे शिकवणार कोण आणि त्यांनी हे स्वतः सोडवलंय का" हा प्रश्न येतो का?

खडूफळा

प्रमेय, येत नव्हता, आता तो मीच मांडणार आहे. नवं पुस्तक सुचवणाऱ्या शिक्षकाने त्यातला एक पूर्ण धडा स्वाध्यायासकट स्वतः सोडवून समितीपुढे ठेवावा, असं सुचवेन. धड्याला कितीसा वेळ लागला, कुठे अडलं, कुठला प्रश्न चुकीचा छापलाय, हे तिथेच कळेल. ऑलिंपियाडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक पुस्तकांत क्लृप्त्यांची नुसती रास असते, एका क्लृप्तीचा दुसरीशी संबंध नाही. एक धडा सोडवला की ते लपत नाही.

झरोका, तोंडी पूर्वचाचणीचा मुद्दा घेते. ज्यांची उत्तरपत्रिका अर्धवट राहते पण जेवढं लिहिलंय ते अचूक आहे, अशा मुलांची तोंडी चाचणी घ्यायची, एवढा नियम पुरेसा होईल का?

झरोका

बऱ्याच अंशी होईल. त्यात आणखी एक जोडा. लिहिलेलं चूक आहे पण वर्गात प्रश्न विचारण्यात जो सगळ्यात पुढे असतो, त्याचीही घ्या.

रानवाट

शाळेशी बोलले. फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसवायला तयार आहेत, पुढच्या सत्रापासून, वेळापत्रक जुळलं तर. मुलीला विचारलं, तिला जायचंय. आता एक शंका. वरच्या वर्गात बसून ती जे शिकेल त्याची परीक्षा कोणत्या वर्गाची द्यायची?

प्रमेय

जिथे शिकते तिथली. दोन्ही परीक्षा द्यायला लावू नका, नाहीतर पुन्हा दुप्पट काम झालं. खालच्या वर्गाच्या गुणपत्रिकेत गणितापुढे वरच्या वर्गाचे गुण लिहून तशी नोंद करता येते. हे आत्ताच लेखी ठरवून घ्या. सत्र संपताना ठरवायला गेलात तर परीक्षा विभाग नकार देतो आणि मुलीला ऐन वेळी दोन अभ्यासक्रम उरकावे लागतात.

पायवाट

अवलोकन, अनुक्रमणिका ताडून बघितल्या. पूर्णांक आणि परिमेय संख्यांच्या दोन घटकांत मिळून निम्म्याहून जास्त भाग मागच्या वर्षीचाच निघाला. शेजारच्या तुकडीच्या बाई एक घटक घ्यायला तयार झाल्यात. पूर्वचाचणीत कोण कशात निघालं ते लिहून ठेवायचं म्हणतोय, पण मी पुढच्या वर्षी या वर्गाला नसेन. ती नोंद मग कुणाकडे द्यायची?

अवलोकन

मुलाच्या प्रगतिपुस्तकात नको, तिथे तो शिक्का होऊन बसतो. वर्गशिक्षकांच्या हस्तांतराच्या कागदांत एक पान घाला. कोणत्या घटकात काय गाळलं, त्याऐवजी काय दिलं आणि मूल कुठे अडलं, एवढं तीन रकान्यांत. तिसरा रकाना रिकामा सोडू नका. पुढच्या शिक्षकाला सुरुवात तिथून करायची असते.